क्लचवरचा पाय

जुन्या गाड्यांचा धंदा मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. फसत फसत शिकलो. एकदा एकाने इतकं गोड बोलून मला गाडी विकली की घरी आणल्यावर कळलं, मागच्या सीटखाली पत्राच नाही, रंग मारलेला पुठ्ठा आहे! तेव्हापासून गोड बोलणारा भेटला की मी आधी वाकून गाडीखाली बघतो. बसा जरा, सांगतो. त्या दिवशी काही विकत घ्यायचं नव्हतं. थोरल्या भावाची गाडी त्याच्या घरामागच्या गॅरेजातून बाहेर काढायची, एवढंच काम होतं.

दादा गेला तो त्याच गाडीत. सकाळी बाहेर निघायचं म्हणून बसला आणि बसल्या जागी हृदय थांबलं. किल्लीसुद्धा फिरवलेली नव्हती. डावा पाय मात्र क्लचवर होता. मीच तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, बुटासकट. जड होता. त्यापलीकडे मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. लोक म्हणतात, होतं असं.

क्लचवर पाय ठेवून गाडी हाकायची त्याला खोडच होती. झिजलेली क्लचप्लेट बदलताना आमचा मिस्त्री दरवेळी करवादायचा, "दादासाहेब, क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे!" दादा हसायचा आणि पुन्हा तेच करायचा. त्याच्या कपड्यांना कायम जळक्या प्लेटचा वास. वहिनी म्हणायच्या, "माझ्या सवतीचं अत्तर."

तो गेल्यावर वहिनी गॅरेजात जाऊन बसायला लागल्या. गाडीत, त्याच्या शेजारच्या सीटवर. जेवायलाही उठायच्या नाहीत. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. पुतणीचा फोन आला, "काका, आईला माझ्याकडे आणा. ती तिथे संपत चाललीय."

वहिनींची अट एकच. "गाडीला दोर बांधून ओढायचं नाही, भाऊजी. यांनी कधी बांधू दिला नाही. ती आपल्या चाकांवर निघू दे, मग मीही निघते. आम्ही सवती एकदमच निघू."

मी मिस्त्रीला घेऊन गेलो. इंजिन लगेच सुरू झालं. गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन ओरडत राहिलं, गाडी तसूभर हलेना.

"क्लच घसरतोय," मिस्त्री म्हणाला. त्याने गिअरबॉक्स उतरवून नवी प्लेट टाकली, स्प्रिंगा बदलल्या. मग त्याची नेहमीची परीक्षा: हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा. इंजिन धापकन बंद पडलं तर क्लच ठणठणीत. चालूच राहिलं तर घसरतोय.

चालूच राहिलं.

"शेठ, नव्या प्लेटीला दादासाहेबांची सवय लागली की काय," तो म्हणाला. हसलं कुणीच नाही. तिकडे घरात वहिनींना खोकला आला होता, तो थांबत नव्हता.

"दांडी काढून बघ," मी म्हणालो. पेडलपासून क्लचपर्यंत एक लोखंडी दांडी जाते. ती काढली की पेडल आपल्या स्प्रिंगने नुसतं वर उभं राहतं. ते कुणी कितीही दाबो, क्लचला पत्ता लागत नाही, तो सोडलेलाच राहतो. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि दांडी हातात घेऊन बाहेर आला. मी स्टिअरिंगमागे बसलो. दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. हँडब्रेक, तिसरा गिअर, किल्ली. गाडीने एक गचका खाऊन गप्प व्हायला हवं होतं.

इंजिन सुरू झालं आणि संथ घुमत राहिलं.

मिस्त्रीने हातातल्या दांडीकडे पाहिलं. मग दिवा माझ्या पायांशी धरला. पेडल पार खाली गेलेलं होतं, तळाला टेकलेलं.

"शेठ... पाय ठेवलाय का तुम्ही?"

"नाही."

"मग..." गॅरेजात जळका वास भरत चालला होता.

वहिनी दारात आल्या होत्या, हातात कपड्यांची पिशवी. त्या खिडकीशी वाकल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. खाली, अंधारात बघत हलक्या आवाजात म्हणाल्या,

"अहो... पाय काढा आता. मला जायचंय."

पेडल सावकाश वर आलं. गाडीने आचका दिला आणि इंजिन धापकन बंद पडलं.

मी किल्ली बंद केली. मग मिस्त्री म्हणाला, "क्लच ठणठणीत आहे," आणि दांडी बसवायला गाडीखाली शिरला.

संध्याकाळच्या आत आम्ही पुतणीच्या दारात होतो. वाटेत वहिनींनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आता पोटभर जेवतात, नातवाशी भांडतात. गाडी माझ्या दुकानात उभी आहे, लोण्यासारखी चालते.

माझा डावा पाय तेवढा त्या दिवसापासून गुडघ्याखाली बधिर आहे. डॉक्टरांनी टाचणी टोचली. "कळतंय का?" "तुम्ही टोचताय ते दिसतंय," मी म्हणालो. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. मग मीच तोडगा काढला, ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. व्यापारी माणूस, मार्ग काढतोच.

परवा बायको शेजारी बसली होती. रस्ता मोकळा, दुपारची वेळ. मध्येच ती म्हणाली, "अहो, पाय काढा. किती दाबून धरलाय तो!"

मी खाली पाहिलं. डावा पाय ताठ पुढे गेला होता आणि जिथे काहीच नाही तिथे बूट घट्ट रोवलेला होता. उचलायला गेलो, उचलेना. गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हातांनी धरून तो बाजूला ठेवला. जड होता.

बायकोने नाक मुरडलं, काच खाली केली.

"काहीतरी जळतंय हो," ती म्हणाली.