मिग्दल-सूरची वेदी

एदोमच्या काळ्या डोंगरांमागून सूर्य वर आला, तेव्हा मिग्दल-सूर किल्ल्याचा पूर्वेकडचा बुरूज आधी उजळला आणि मग त्याच उजेडात, खालच्या वाळवंटात पसरलेले शत्रूचे तंबू एकामागून एक दिसू लागले. यहूदा देशाच्या दक्षिण सीमेवर, जिथे जैतुनाची झाडे संपतात आणि दगड, धूळ व काटेरी झुडपे यांचेच राज्य सुरू होते, तिथे हा किल्ला एकटा उभा होता. एदोमी फौजेने त्याला वेढा घातल्यापासून उत्तरेच्या हेब्रोन शहराकडून येणारी रसद बंद पडली होती. तटावरचे पहारेकरी उत्तरेच्या वाटेकडे डोळे लावून बसत आणि रिकाम्या वाटेकडे पाहून परतत.

किल्ल्याच्या वायव्य कोपऱ्यात परमेश्वराचे एक लहान मंदिर होते. अंगणात अनघड दगडांची वेदी, आत दीपवृक्ष, भाकरींची मेज, धुपाच्या लहान वेद्या आणि पिढ्यान्‌पिढ्या अर्पण होत आलेली रुप्याची भांडी. वडील याजक, म्हणजे मुख्य पुजारी, वेढ्याच्या आरंभीच तापाने गेला आणि साऱ्या सेवेचा भार दुसऱ्या याजकावर, हशब्यावर पडला. हशब्या पन्नाशी ओलांडलेला, अबोल, विधुर गृहस्थ होता. सकाळचे स्तवन दोघांनी आळीपाळीने म्हणायचे असे. आता तो आपले चरण म्हणे, दुसऱ्याच्या चरणाएवढा वेळ गप्प उभा राही, आणि मग पुढचा चरण उचली.

लोक उपाशी होते आणि मंदिराच्या कोठारावर त्यांची नजर होती. दशमांशाचे, म्हणजे देवाला दिलेल्या दहाव्या हिश्श्याचे, धान्य अनाथ, विधवा आणि परके यांच्या वाट्याचे आहे, असे म्हणून हशब्या ते त्यांनाच वाटत असे. केझिया नावाची एक शिपायाची विधवा रोज आपल्या मुलींसाठी ओंजळभर सातू घेऊन जाई. पण दिव्याच्या तेलाला त्याने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःची भाकरीही तो कोरडीच खाई.

एके दिवशी किल्लेदार यरीमोथ मंदिरात आला. यरीमोथ शूर होता, प्रत्येक हल्ल्यात तो तटावर सर्वांच्या पुढे असे, आणि म्हणूनच शिबंदीचा त्याच्यावर देवासारखा विश्वास होता. रुप्याची सारी भांडी आपल्या हवाली करावीत, असे त्याने सांगितले. एदोमी सरदाराशी बोलणे झाले होते. भांडी मिळाली की वाट मोकळी.

 एवढ्या जिवांच्या बदल्यात परमेश्वर आपली भांडी मागे ठेवील काय, हा विचार हशब्याच्या मनात खरोखर आला, आणि त्याचा हात कोठाराच्या किल्लीकडे गेलाही. मग त्याने विचारले, "भांडी दिली, तर किल्ल्याचा दरवाजा बंदच राहील ना?"

यरीमोथची नजर जमिनीकडे वळली.

"दरवाजा उघडावा लागेल," तो म्हणाला. "मी आणि माझे स्वार आधी बाहेर पडू. तुमच्यासाठीही घोडा ठेवला आहे."

"आणि पायदळ? बायका, मुले?"

"सगळ्यांना पुरतील इतके घोडे नाहीत, हशब्या. हा किल्ला आज ना उद्या पडणारच. निदान काहीजण तरी वाचतील."

हशब्याने किल्ली कमरेला घट्ट बांधली. विचार करायला उद्यापर्यंतचा अवधी देऊन यरीमोथ निघून गेला.

हशब्या तडक दुय्यम अधिकारी उज्जीएल याच्याकडे गेला आणि घडले ते सारे त्याने सांगितले. उज्जीएल इमानी होता, पण ज्या किल्लेदाराने कालच्याच हल्ल्यात आपल्या ढालीआड त्याला वाचवले होते, त्याच्याविषयी असे काही ऐकून घेणे त्याला जमेना. उपासाने तुमचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, असे म्हणून त्याने याजकाला दारापर्यंत पोहोचवले. परतताना हशब्याच्या ध्यानात आले, की या किल्ल्यात आपल्या शब्दाला साक्षीदार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचे वारे सुटले. धुळीने आभाळ तांबडे झाले आणि माणसे दारे लावून आत बसली. त्या वादळात हशब्याने मंदिराच्या आतली फरशी उकरली. एकेक भांडे तागाच्या वस्त्रात गुंडाळून त्याने खड्ड्यात ठेवले, धुपाच्या लहान वेद्या आडव्या निजवल्या, तेलाचे बुधले त्यांच्या कुशीला लावले. शेवटी दीपवृक्ष उरला. वडील याजकाच्याही आधीपासून जळत आलेली ती ज्योत त्याने स्वतःच्या बोटांनी विझवली. अंधारात चाचपडत त्याने दीपवृक्षही खड्ड्यात उतरवला. रडावेसे वाटले, पण वारा पडायच्या आत माती लोटायची होती. फरशी पूर्ववत बसली तेव्हा जागा ओळखणारा माणूस जगात एकच होता. तो मेला, तर भांडी धरणीच्या स्वाधीन.

रिकामे मंदिर पाहून यरीमोथने लोकांना अंगणात जमवले. या याजकाने देवाची भांडी चोरून लपवली आहेत, तो शत्रूला मिळालेला आहे, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. भुकेल्या जमावात संतापाची लाट उसळली. हशब्याने केझियाकडे पाहिले. तिने तोंड फिरवले.

शिपायांनी हशब्याचा उजवा हात वेदीच्या पायरीवर धरला. यरीमोथ खाली वाकला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "ज्याचा हात मोडला, त्या याजकाला वेदीजवळ जाता येत नाही, हा तुमचाच नियम. ज्या भांड्यांसाठी तुम्ही हे सोसाल, ती तुम्हांला पुन्हा कधी उचलता येणार नाहीत."

"ती माझी कधी नव्हतीच," हशब्या म्हणाला.

गदेच्या एका घावात मनगट चुरले. जागा सांगितली नाही म्हणून दुसरा घाव बसला. हशब्या शुद्ध हरपून पडला.

सायंकाळी ठरल्याप्रमाणे एदोमी दूत तटाखाली आला. यरीमोथने आणखी एका दिवसाची मुदत मागितली. दुताला वाटले, आपल्याला खेळवले जात आहे. त्याने घोडा मागे वळवला आणि साऱ्या तटाला ऐकू जाईल अशा आवाजात तो गरजला: रुपे दिल्यावाचून तुझ्या स्वारांना वाट मिळणार नाही, आणि तू दरवाजा उघडला नाहीस तर आम्ही तो फोडू.  उज्जीएल किल्लेदाराकडे वळला. यरीमोथने सबब सांगायला तोंड उघडले, पण उज्जीएलच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने कमरेची तलवार आपणहून सोडून दिली.

केझियाने आपले ओढणीचे वस्त्र फाडून हशब्याचा हात बांधला. "याजकबाबा, आम्ही तोंड फिरवलं," ती म्हणाली. त्याने फक्त पाणी मागितले.

उज्जीएलने किल्ला लढवला. द्राक्षे पिकू लागली तेव्हा उत्तरेच्या वाटेवर धूळ उठली आणि हेब्रोनची फौज आली. वेढा उठला. यरीमोथला बेड्या घालून राजाच्या न्यायासनापुढे पाठवण्यात आले. हशब्याने जागा दाखवली, दुसऱ्यांनी खणले. एकही भांडे उणे नव्हते, एकही बुधला फुटला नव्हता. त्याने प्रत्येक वस्तू नजरेखालून घातली, पण हात लावला नाही.

यरुशलेमहून अदाया नावाचा तरुण याजक आला. त्याने आदराने विचारले, की आपल्यासाठी काय करू? मेजेवरच्या परमेश्वराच्या भाकरीतला वाटा हशब्याला मिळे. तो खायला त्याला मुभा होती. वेदीजवळ मात्र तो जाऊ शकत नव्हता. दिवा पुन्हा लागला त्या दिवशी सारा किल्ला अंगणात लोटला, आणि हशब्या दाराबाहेरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. भावंडे गावी बोलवीत होती. तो गेला नाही.

वेदीला किडके लाकूड चालत नाही. ते निवडून बाजूला काढण्याचे काम व्यंग आलेल्या याजकालाही करता येते. हशब्याने अदायाकडे तेवढेच मागितले. रोज सकाळी तो मंदिराबाहेर ओंडक्यांच्या ढिगापाशी बसे आणि डाव्या हाताने एकेक लाकूड फिरवून पाही. सुरुवातीला लोक जाता येता थांबत, काही बोलू पाहत. पुढे त्यांना त्याची सवय झाली.

थंडीतल्या एका सकाळी अदाया स्वतःच लाकडे न्यायला बाहेर आला आणि त्याने वरचा एक चांगला दिसणारा ओंडका उचलला.

"तो नको," हशब्या म्हणाला. "आत कीड आहे. हा न्या."

अदाया तो घेऊन आत गेला. थोड्या वेळाने भिंतीवरून धूर वर आला आणि वारा नसल्यामुळे सरळ चढत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत हशब्याने मान वर करून पाहिले, आणि मग दुसरा ओंडका जवळ ओढला.