खिडकीकडची जागा

माझी सहल रविवारी सकाळी साडेसहाला अकोल्याच्या जठारपेठेतून निघते आणि कोणासाठी थांबत नाही. गाडीत मागे सतरा सीट, काचेवर माझं नाव 'प्रियदर्शनी', चालवायला श्रावण, त्याच्या बाजूला मी. अकोटला नाश्ता, मग सातपुड्याच्या पायथ्याचं धरण आणि त्या पाण्यात दीड किलोमीटर आत गेलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. तिन्ही बाजूंनी पाणी, टोकाला हुरडा. जाहिरातीत मी 'वऱ्हाडातला समुद्र' असं लिहिलंय. त्याची थोडी लाजही वाटते.

त्या रविवारी पंधरा पर्यटक होते आणि सोळावे माझे बाबा, किसनराव. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दोन वर्षांपासून त्यांना घरातलं दिव्याचं बटण सापडत नाही. मागच्या महिन्यात ते हरवले आणि मोर्णा नदीच्या पुलावर सापडले, तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडत नाही. ते सगळं विसरले, पण मला 'पिऊ' म्हणायचं विसरले नव्हते. तेवढ्यावर माझे दिवस निघत होते.

तिसऱ्या रांगेत खिडकीकडच्या सीटवर रुमाल टाकलेला होता. पांढरा, हिरव्या काठाचा.

"कोणाचा आहे?" मी विचारलं.

"असन कोनाचा," मागून रागिणीताई म्हणाल्या. त्या दर हिवाळ्यात येतात. "येईन तो."

कोणी आलं नाही, पण तिथे कोणी बसलंही नाही. आमच्याकडे रुमाल पडला की जागा गेली. अकोला-तेल्हारा गाडीवर बाबांनी तीस वर्षं हीच भांडणं मिटवली, आणि निकाल कायम रुमालाच्या बाजूने दिला. ते शेजारच्या सीटवर अंग चोरून बसले.

अकोटला बाबांनी दोन चहा घेतले. एक पिऊन संपवला, दुसरा खिडकीकडे धरून बसले.

"बाबा, हा कोनाले?"

"याले थंडी वाजून राहिली," ते म्हणाले. आवाज एकदम स्वच्छ होता, ड्यूटीवरचा.

मी त्यांच्या हातातून कप घेतला तेव्हा माझा हात त्या सीटला लागला. सीट ओली होती. डिसेंबर चालू होता आणि पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. एसीचं पाणी गळत असेल, मी म्हटलं.

"एसी लावलाच नाही मॅडम," श्रावण म्हणाला.

पट्टीच्या टोकाला जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरतो. खाली गाव होतं, धरण झालं तेव्हा लोक उठून गेले. काठावर निंबाखाली तिथल्या एसटी थांब्याचा दगडी ओटा तेवढा उरलाय. बाबा कोणी न सांगता त्या ओट्यावर जाऊन बसले.

हुरडा भाजणारे बुधाजी त्याच गावचे. मी दर आठवड्याला त्यांना फोन करून हुरडा सांगते, पण बाबांना त्यांनी इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"आमच्या गावची गाडी हेच आनत होते," ते म्हणाले. "शेवटची बी यायनंच नेली. एक जन सीटवर रुमाल टाकून घराले कुलूप लावाले गेला होता. तुमचे बाबूजी लय थांबले."

"मग?"

बुधाजींनी कणसं उलटली. "गाडी गेली. त्याच राती पानी चढलं."

चार वाजता निघायचं होतं. बाबा दारात उभे राहिले आणि हलेनात.

"एक पॅशिंजर यायचा हाये."

वीस मिनिटं गेली. लोक घड्याळं बघायला लागले, कोणीतरी हसलं. मला संताप आला. त्याची लाज मला आजही वाटते. मी आत शिरले, तो रुमाल उचलला आणि दारातून बाहेर फेकला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"घ्या. झाली जागा खाली. बसा आता."

"पिऊ, असं नसते करत," बाबा हळूच म्हणाले आणि रुमाल उचलायला खाली उतरले.

मी मागे जाऊन डिकी लावली. परत आले तर ते खिडकीकडच्या सीटवर बसले होते, तोंड बाहेर करून. मी डोकी मोजली.

सोळा.

गाडी निघाली.

वाटभर ते खिडकीबाहेरच बघत होते. घरी अंधारात शिरले आणि पहिल्याच प्रयत्नात दिव्याचं बटण दाबलं. जेवायला काय आहे म्हणून विचारलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता रडले. इतका आनंद मला दोन वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. बुधाजी होते.

"मॅडम, ओट्यावर तुमच्या बाबूजीचा रुमाल हाये. निया चौकडीचा. घडी करून वर गोटा ठेवला हाये. उचलून ठेवू काय?"

तो निळ्या चौकडीचा रुमाल मी सकाळी स्वतः इस्त्री करून त्यांच्या खिशात घातला होता.

बाहेरच्या खोलीतून हाक आली. आवाज बाबांचाच होता.

"कोनाचा फोन होय, प्रियदर्शनी?"

तव्यावरची भाकरी करपत होती. मी गॅस बंद केला.

"नका उचलू," मी फोनमध्ये पुटपुटले. "राहू द्या तिथंच. मी येऊन राहिली."

स्कूटीची किल्ली बाहेरच्या खोलीत होती. खिडकीपाशी, तो बसला होता तिथे.