पिवळा दोन पॉइंट खाली

त्याची आणि माझी गाठ पडली ती एका केकच्या खोक्यामुळे.

नव्या छायाचित्रकारांच्या, चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या प्रदर्शनासाठी कामं जमा करायचा तो शेवटचा दिवस होता. बाहेर कंटाळवाणी भुरभुर चालली होती आणि आत रांगेतले सगळे आपापले पोर्टफोलिओ पोटाशी धरून उभे होते. माझा टोकन नंबर एक्केचाळीस. माझ्या मागच्या माणसाच्या हातात मात्र बेकरीचं पांढरं खोकं होतं, लाल रिबिनीसकट.

"कुणाचा वाढदिवस आहे का?" मी विचारलं.

"नाही हो, फोटो आहेत. पोर्टफोलिओ भिजला, बेकरीवाल्याला दया आली."

"आणि रिबीन?"

"ती मी मागून घेतली. म्हटलं, उघडताना तरी परीक्षकांना बरं वाटू दे."

मी हसले. तो माझ्याकडे बघत राहिला... आणि मी रांगेत पुढे सरकायचं विसरले.

"एक्केचाळीस, सरका की पुढे," तो हळूच म्हणाला. "बेचाळीस दारात भिजतोय."

तेव्हापासून तो माझा बेचाळीस आणि मी त्याची एक्केचाळीस. म्हणजे 'माझा' असं मी मनातल्या मनातच म्हणायचे, तेही नंतर नंतर.

आमची दोघांचीही निवड झाली. एकूण सहा जण. त्यातल्या एकाला वर्षभरासाठी स्टुडिओ मिळणार होता, उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीचा. त्या खिडकीवर मी तीन वर्षं डोळा ठेवून होते.

पुढच्या मंगळवारी तो मामाच्या लॅबमध्ये हजर. मामाची फोटो प्रिंटिंगची लॅब आहे आणि तिथलं रंगांचं काम मी बघते. मोठी प्रिंट काढण्याआधी आम्ही चार बोटं रुंदीची टेस्ट पट्टी काढतो. गिऱ्हाइकाने ती खिडकीच्या उजेडात बघायची, रंग पटला तर मागे सही करायची आणि मगच अख्खी प्रिंट निघायची. सही नाही तर प्रिंट नाही, हा मामाचा नियम.

बेचाळीसला सात प्रिंट काढायच्या होत्या, दर मंगळवारी एक. विषय होता वाट बघणारी माणसं. केस कापायच्या दुकानातला बाक, दवाखान्यातल्या खुर्च्या, बसथांबा. फोटो इतके सुरेख होते की मला पहिला हेवा वाटला तो तिथेच, निव्वळ कामाचा. मग माझं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. प्रत्येक फोटोत कुठेतरी पिवळी शाल पांघरलेली, आपल्याकडे पाठ केलेली एक बाई होती. सडपातळ मान, सैल अंबाडा... कुणालाही आवडावी अशी पाठ.

"हिचा पिवळा तेवढा सांभाळा हं," तो म्हणाला. "सगळ्या मालिकेचा जीव तिथे आहे."

"कोण आहे ही?" मी अगदी सहज विचारलं. सहज वाटावं म्हणून आधी दोनदा घसाही खाकरला.

"आहे... एक," तो म्हणाला आणि लेन्सचं झाकण उगाचच फुंकरत बसला.

त्या दोन शब्दांच्या मधली ती जागा मी आठवडाभर चघळत होते. पहिल्या दोन प्रिंट मात्र मी प्रामाणिकपणे काढल्या.

एव्हाना आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो. तो दोन कप कॉफी घेऊन यायचा, माझ्या कपावर पेनने ४१ लिहून.

"चुकून माझी कॉफी तू प्यायलास तर?" मी विचारायचे.

"म्हणून तर लिहितो. साखर तुझ्यात जास्त लागते."

"म्हणजे मी कडू आहे?"

"रंगांच्या बाबतीत आहेस. बाकीचं अजून... चाखायचंय," असं म्हणून तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि मी मशीनच्या मागे तोंड लपवायचे.

आणि मग पाकिटातून पुन्हा तीच पिवळी शाल बाहेर यायची! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. इथे माझ्याशी गोड बोलायचं आणि जीव मात्र तिच्या शालीत?

तिसऱ्या मंगळवारी मी पिवळा दोन पॉइंट खाली आणला. काळा एक पॉइंट वर. स्क्रीनवर जरा भडकच दिसतंय, असं मी स्वतःला सांगितलं. चौथ्या मंगळवारी आणखी दोन. पाचव्या मंगळवारी तो म्हणाला, "या फोटोत ती खूप हसत होती," तेव्हा मी तीन आणले.

त्याने ती पट्टी खिडकीशी धरली. पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पट्टीकडे बघितलं... आणि सही केली.

"नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

"तुझ्या हातात दिलंय म्हटल्यावर मी काय बोलू?"

मला खरं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सहाव्या आणि सातव्या मंगळवारी हात थांबला नाही. "पिवळी शाई हल्ली संपतच नाही गं," मामा म्हणाला, तेव्हाही मी मूग गिळून बसले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अकराला मी हॉलवर गेले. परीक्षक चार वाजता येणार होते. दर्शनी भिंतीवर बेचाळीसच्या सातही प्रिंट ओळीने लागल्या होत्या आणि मी एका जागी खिळून उभी राहिले. सुटी सुटी काढताना कळलं नव्हतं, ओळीत मात्र लपायला जागाच नव्हती. पहिल्या फोटोतली शाल लखलखीत पिवळी होती, चौथ्यातली मळकट आणि सातव्यात तर निव्वळ चिखल.

प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडम चष्मा कपाळावर चढवून तिथेच उभ्या होत्या. "सुरुवात किती छान आहे याची," त्या म्हणाल्या. "पण पुढे पुढे मालिका विझत गेली. मी असं करते, हे जिन्याजवळच्या बोळात लावते आणि तुझे फोटो या भिंतीवर घेते. इथला उजेड चांगला आहे, परीक्षकांची नजर पहिली इथेच जाते."

मी फक्त 'बरं' म्हणायचं होतं. भिंतही माझी झाली असती आणि कदाचित खिडकीही.

तेवढ्यात शिडी खांद्यावर घेऊन तो आत आला. त्याने मॅडमचं बोलणं ऐकलं असावं. शिडी भिंतीला टेकवून तो माझ्याकडे बघत राहिला.

"मॅडम, मालिका विझली नाही," मी म्हणाले. "प्रिंट मी बिघडवल्यात."

"चुकून?"

"नाही... मुद्दाम."

मॅडमचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "स्टुडिओसाठी?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हो म्हटलं तर मी चोर. नाही म्हटलं तर खरं कारण सांगायला हवं, तेही त्याच्यासमोर.

"स्टुडिओसाठी नाही," मी म्हणाले. "ती पिवळी शाल... मला बघवत नव्हती. त्याने तिला मालिकेचा जीव म्हटलेलं सहन होत नव्हतं. बस्. आता हवं तर मला यादीतून काढून टाका."

मॅडमनी हातातली यादी उलटसुलट करून बघितली.

"हे आमच्या नियमावलीत नाही," मॅडम अखेर म्हणाल्या.

"मॅडम, सातही पट्ट्यांवर सही माझी आहे," बेचाळीस पुढे आला. "मला तिसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं. काढायचंच असेल तर दोघांनाही काढा."

"दिसलं होतं?" मी त्याच्यावर वळले. "मग बोलला का नाहीस? शुंभासारखा सह्या का करत बसलास?"

"कारण तुझ्याकडे दोन कारणं असू शकत होती, एक्केचाळीस. स्टुडिओचं निघालं असतं तर मी परत कधी लॅबची पायरी चढलो नसतो. आणि दुसरं..." तो थांबला. "विचारलं असतं तर तू मशीनवर ढकललं असतंस."

ढकललंच असतं.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "चार वाजता परीक्षक येतील. तोवर मला काहीच माहीत नाही. आणि ही भिंत याचीच राहील."

आम्ही लॅबकडे पळत सुटलो. पाच प्रिंट पुन्हा काढायच्या होत्या. मामाने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि मशीन मोकळं करून दिलं. पहिली पट्टी येईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी उभे होतो.

"प्रेम होतं?" मी विचारलं.

"होतं."

त्याने नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. पण तो खोटं बोलला नाही.

"गेल्या वर्षी सोडून गेली. हे सगळे त्याआधीचे फोटो."

"मग 'आहे एक' का म्हणालास?"

"'होती' म्हणायची सवय नव्हती झाली." त्याने मशीनजवळ पडलेल्या जुन्या कपावरच्या ४१ वरून बोट फिरवलं. "या मंगळवारांत झाली."

पट्टी बाहेर आली. "थोडी मळकट राहिली तरी चालेल," तो म्हणाला. "खरंच."

"मला नाही चालणार. शाल पिवळी होती ना? मग पिवळीच निघेल."

मी पिवळा एकेक पॉइंट वर नेला. जळत होतं, खोटं कशाला बोलू? पण शाल उजळली तशी तिच्या शेजारी बसलेली दमलेली माणसंही उजळली आणि मला पहिल्यांदा तो फोटो नुसता फोटो म्हणून दिसला. फार चांगला होता. मी तसं त्याला सांगितलं, तर त्याला सही करायला पेनच सापडेना.

चारला दहा कमी असताना शेवटची प्रिंट भिंतीवर चढली. स्टुडिओ मिळाला तारेचे पक्षी करणाऱ्या मुलीला. आम्ही दोघं जिन्यात बसून तिच्यावर मनसोक्त जळलो, एकाच कपातली कॉफी पीत.

पुढच्या मंगळवारी तो नवा फोटो घेऊन आला. "नवी मालिका," म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

फोटो स्क्रीनवर आला. पुन्हा एक बाई, पुन्हा पाठमोरी! निळा एप्रन, मानेवर सुटलेल्या दोन बटा, कशावर तरी वाकलेली. उजेड असा पडला होता की काढणाऱ्याने तासभर तरी तिच्याकडे बघितलं असणार. माझ्या डोक्यात सणक गेली. आठ दिवस नाही झाले आणि ही कोण उपटली? हात आपोआप बटणावर गेला. निळा दोन पॉइंट खाली...

आणि मग मला एप्रनची गाठ दिसली. पाठीमागे, डाव्या बाजूला, दुहेरी. तशी गाठ लॅबमध्ये एकच बाई मारते.

मी वळून बघितलं. तो खिडकीत हसत उभा होता, हातात पेन तयार ठेवून.

"काय गं," तो म्हणाला, "हिचाही चिखल करणार?"

मी निळा दोन पॉइंट पुन्हा वर आणला. मग आणखी एक, माझ्यातर्फे.