डोळ्यातला चढ

माझं काम डोळ्यातला दाब मोजायचं. राजारामपुरीतल्या दवाखान्यात, तळमजल्यावर, गेली नऊ वर्षं. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरतात. तो विरेपर्यंत पेशंटनं मान खाली घालून राहायचं आणि डोंगर चढायचा नाही. उंचीवर गॅस फुगतो, दाब वाढतो, नजरेची नस मरते. हे मी घसा फोडून सांगते. तरी आमच्याकडचे लोक जरा बरं वाटलं की गाडी काढतात ती थेट जोतिबाच्या डोंगरावर.

म्हणून शिरोळच्या आकारामतात्यांचा दाब, विशीच्या आत हवा तो, अडतीस भरला, तेव्हा मी त्यांच्या सुनेवर, वर्षाराणीवर उखडले. तात्यांचा उजवा डोळा कधीच गेलेला. उरला होता तो एवढा एकच.

"डोंगरावर नेलं ना?"

"आईशप्पत न्हाय ओ म्याडम! मामा चार दिस पालथं पडून हायती. उंबरा वलांडला न्हाय."

"म्या चढतुय की," तात्या शांतपणे म्हणाले. "सरू हात धरून न्हेतीया."

वर्षाराणीचा चेहरा उतरला. सरूबाई, तिच्या सासूबाई, पौषात वारल्या होत्या. तात्यांचा डोळा वाचला तर दोघं चालत डोंगरावर येऊ, हा त्यांचा नवस तसाच राहिला होता.

आजारपणातले भास, मी मनात म्हटलं. दाब उतरवायचे थेंब घातले. अर्ध्या तासानं पुन्हा मोजला.

चव्वेचाळीस.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. त्यांना निरोप धाडला. तात्यांची हनुवटी यंत्रावर टेकलेली, आणि डावी मूठ हवेतच घट्ट आवळलेली.

"तात्या, देऊळ दिसतंय?"

"ते कवाच मागं ऱ्हायलं. वाट अजून वरच चाललीया."

पन्नास.

मी घाबरले.

"हात सोडा त्यांचा! माघारी फिरा. डोळा जाईल तात्या!"

"एकटी कशी जाईल वो ती?"

"सोडा म्हणते ना!"

बऱ्याच वेळानं मूठ उघडली.

सोळा.

वर्षाराणी रडायलाच लागली. मी यंत्राचा निळा दिवा बंद केला.

"सोडला म्या," तात्या खालमानेनं पुटपुटले. "पर ती म्हणतीया, ह्या बाई येत्यात सोबतीला."

मी हसायला गेले. तेवढ्यात, घाट चढताना बसतात तसे, माझ्या कानांना दडे बसले.