उतरवायची राहिलेली गुढी

आमची पहिली भेट रोमँटिक वगैरे अजिबात नव्हती. आमच्या खिडकीतल्या गुढीवरचा तांब्या वाऱ्यानं सुटून त्याच्या गाडीवर पडला होता आणि तोच तांब्या हातात घेऊन तो आमच्या दारात उभा होता... पावसात भिजत.

"सॉरी, हे तुझी आहे ना?"

"माझाच. गाडीला काही झालं का?"

"छोटा डेंट. इट्स फाइन. पण गुढी त्याच दिवशी काढतात ना? संध्याकाळी? माझी आजी त्याच्यात खूप स्ट्रिक्ट आहे."

बस्स. मला रडूच फुटलं, एका अनोळखी मुलासमोर, अगदी नाक वाहेपर्यंत. पाडव्याला सकाळी बाबांनी हौसेनं गुढी उभारली होती — मॉपचा दांडा, कडुलिंबाऐवजी तमालपत्रं. दुपारी श्रीखंड वाढतावाढता ते कोसळले. स्ट्रोक. त्या संध्याकाळी गुढी उतरवायला घरात होतं कोण? आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मग माझ्या डोक्यात भलतंच बसलं — गुढी बाबाच उतरवतील. मी उतरवली, तर ते हॉस्पिटलमधून परत येणार नाहीत.

रडतारडता सांगितलेलं हे वेडगळ बोलणं ऐकून तो हसला नाही. गाडीतून केबल टाय आणला आणि तांब्या काठीवर घट्ट बसवून दिला.

"आता नाही पडणार. प्रॉमिस."

क्षितिज त्याचं नाव. समोरच राहायचा, जन्म इथलाच, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचा. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो मला हॉस्पिटलला सोडू लागला.

"बस आहे की," मी म्हणायची.

"बसमध्ये हॉट क्रॉस बन मिळतो?" ईस्टरचा तो गोड पाव पुढे करत तो विचारायचा.

"लाच देतोस?"

"हो. वर्क होते का?"

रस्त्याच्या कडेला डॅफोडिल्स फुललेली. मला त्यांचा रागच यायचा. बाबा डोळे उघडत नव्हते आणि बाहेर हे नटणं कशाला? तरी संध्याकाळ झाली, की मी खिडकीतून त्याची वाट पाहायची... आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

ईस्टरच्या रविवारी सकाळी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. बाबा आता उठणार नाहीत. मशीन काढायला हवं. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला.

घरी आले, क्षितिजला बोलावून घेतलं आणि खिडकीशी उभी राहिले. गुढी उतरवायला हातच उचलवेना.

"क्षितिज... काठी धर ना."

त्यानं धरली. मी हळदकुंकू वाहिलं, साखरेचा नैवेद्य दाखवला आणि गुढी उतरवली. सगळं संपलं, असंच तेव्हा वाटलं.

संध्याकाळी वॉर्डच्या दारात तो थबकला. "वरदा, मी बाहेर थांबू?"

"नको. आत चल."

मशीन अजून चालू होतं, बाबांचा हात कोमट होता. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"बाबा, गुढी उतरवली हं मी. रागावू नका. आणि... हा क्षितिज. समोर राहतो. मराठी भयंकर बोलतो. पण मला आवडतो, बाबा — खूप."

बाबांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. क्षितिजला गेलं होतं. तो पुढे झाला, ब्लँकेटवरूनच त्यांच्या पायांना हात लावला.

"काका, मी आहे तिच्याबरोबर," तो म्हणाला. "उद्या पण."