एकसष्ट किलोमीटर

"गाडी अगदी चांगली आहे हो. फक्त मी बसले की सुरू होत नाही."

समोर बसलेल्या नर्सने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की हसू लपवायला मास्तरांना चहाचा कप तोंडाशी न्यावा लागला. त्यांच्या धाकट्या बहिणीने मात्र हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

तीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासलेल्या या बहिणीला सगळे भिंगबाई म्हणत. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या, आणि चित्रकला शिकवून निवृत्त झालेले थोरले बंधू आपण होऊनच त्यांचे मदतनीस झाले. मदत म्हणजे विसरलेलं भिंग आणून देणं आणि चुकीचा गुन्हेगार सगळ्यांत आधी ओळखणं.

"पहिल्यापासून सांग," भिंगबाई म्हणाल्या.

नर्सला घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळायची नोकरी मिळाली होती. अट एकच, सोमवारी स्वतःच्या गाडीसह हजर व्हायचं. आज शुक्रवार. परवाना हातात पडून दोनच महिने झालेले.

"ही नोकरी हुकली तर परत रात्रपाळी, आणि आई घरात एकटी. ती अंथरुणाला खिळलीय," ती म्हणाली. "गाडी एका घड्याळजींची आहे. एकोणीस वर्षांची, पण आरशासारखी. आता त्यांना नीट दिसत नाही म्हणून विकतायत. पहिल्या दिवशी त्यांचा मेकॅनिक माझ्या शेजारी बसला, लांब फिरून आलो. लोण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या, मीही शेजारी बसून एक शेवटची चक्कर मारते. मी किल्ली फिरवली तर स्टार्टर फिरतोय, दिवे लख्ख, पण इंजिन काही पेटत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी कोपऱ्यावर पोचते तोच मागे काकांनी ती सुरू केल्याचा आवाज!"

"तुझ्याआधी कोणी आलं होतं?"

"एक शिवणकाम करणारी बाई, माझ्यासारखीच नवशिकी. तिच्याही वेळी बंद. मधे एक दलाल आला, त्याच्या हाती एका झटक्यात सुरू. काका म्हणतात, गाडी नवशिक्यांना ओळखते."

"दलालच तो!" मास्तर म्हणाले. "लोकांना पळवून लावायचं आणि भाव पाडायचा."

"दहा मिनिटं लागली तुला, दादा. वय झालं," भिंगबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

*

मेकॅनिक एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. हात पुसता पुसता म्हणाला, "घड्याळजींची गाडी? इंजिनाची खात्री माझी. खणखणीत आहे."

"आणि बाकीच्या गाडीची?"

तो इकडेतिकडे पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

"तुमची मुलगी नवी नवी गाडी चालवायला लागली असती, तर तिला दिली असतीत?"

"मला मुलगी नाही, बाई," तो म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला.

बाहेर पडताच मास्तर कुजबुजले, "हाच! चोराच्या मनात चांदणं."

"चांदणं आहे खरं. पण चोर कशाचा, ते बघू."

दलालाच्या आवारात जुन्या गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. दलाल हसतमुख आणि बोलघेवडा होता. "मला का नाही सुरू होणार? म्हातारी शेजारी स्वेटर विणत बसली होती, मी किल्ली फिरवली, झाली सुरू. मग उतरलो, वाकून पुढचा भाग खालून पाहिला आणि निम्मा भाव सांगितला. मोडीतच काढणार होतो, लपवतो कशाला? म्हातारा असा भडकला, म्हणाला, मोडीत घालायला नाही सांभाळली."

"खालून काय दिसलं?"

"ते तुम्हीच पाहा. उगाच कोणाच्या घरात वाद कशाला लावू?"

भिंगबाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या एका राखाडी छोट्या गाडीकडे गेलं. दारावर दोन पोचे, रंग उडालेला. पण आतल्या पिशवीत पहिल्या दिवसापासूनची दुरुस्तीची एकूण एक पावती होती, दोन्ही पोच्यांच्या तारखांसकट. त्या बराच वेळ पावत्या वाचत राहिल्या. मास्तरांना वाटलं, बाईंना आता चष्मा बदलायला हवा.

*

घड्याळजींच्या घरात भिंतभर घड्याळं होती आणि सगळी एका तालात चालत होती. मागच्या छपराखाली गाडी होती. फिकट निळी, गोल दिव्यांची.

अगदी अशीच होती मास्तरांची. सुटी लागली की डबे भरून निघायचं, बायको शेजारी मांडीवर नकाशा पसरून बसायची आणि हमखास चुकीचं वळण सांगायची. मग भांडण, मग कुठल्यातरी अनोळखी झाडाखाली बसून जेवण. एकदा ती म्हणाली होती, "मलाही शिकवा की." ते हसले होते. "तुला कशाला? मी आहे ना!" ती गेल्यावर त्यांनी गाडी विकून टाकली. शेजारची रिकामी सीट त्यांना बघवेना.

"हात लावून बघा," घड्याळजी अभिमानाने म्हणाले. "एक ओरखडा नाही. रोजचा हिशेब आहे माझ्याकडे."

त्यांनी एक जाड वही दिली. रोजची तारीख आणि गाडीच्या मीटरचा आकडा, मुंगीच्या अक्षरात. भिंगबाई पानं उलटत गेल्या आणि सोळा वर्षांपूर्वीच्या एका पानावर थांबल्या. तिथे अकरा दिवस कोरे होते. कोऱ्या जागेच्या आधी २१,३४० आणि नंतर २१,४०१. दुसऱ्या आकड्याखाली लाल शाईच्या दोन रेघा.

"हे अकरा दिवस?"

"दवाखान्यात होतो. पोटाचं ऑपरेशन."

"तेव्हा गाडी काकू चालवायच्या?"

"ही?" घड्याळजी मोठ्याने हसले. "हिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही."

काकू दारात उभ्या राहून विणत होत्या. एक टाका सुटला, तो त्यांनी पुन्हा उचलला. मग सोबत आलेल्या नर्सकडे वळून म्हणाल्या, "गाडीला नावं ठेवू नकोस हो. गुणी आहे. दुसरा गिअर तेवढा जरा आपल्याकडे ओढून टाकावा लागतो."

भिंगबाईंनी भिंग काढलं. आधी दोन्ही दिवे पाहिले. काचांवर बनावटीचं वर्ष कोरलेलं होतं आणि एक काच दुसरीपेक्षा तीन वर्षांनी धाकटी होती. ड्रायव्हरच्या सीटखालची पट्टी दोन ठिकाणी घासलेली होती: मागे, घड्याळजींच्या लांब पायांच्या मापाने, खोल, आणि अगदी पुढे, थोडीशी. मग त्या चटई टाकून गाडीखाली शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा बोटांना लाल भुगा लागला होता आणि चेहरा बदलला होता.

"आता सुरू करून बघू. काकू, तुम्ही या शेजारी."

भिंगबाई स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. काकूंनी लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. किल्ली फिरली आणि इंजिन लगेच गुणगुणायला लागलं.

"आता तू बस," त्या नर्सला म्हणाल्या. "समज, आत्ताच गाडी घेऊन घरी निघालीस."

नर्स बसली. काकूंनी लोकरीचा गुंडा समोरच्या कप्प्यात ठेवला. किल्ली फिरली. स्टार्टर फिरत राहिला, दिवे लख्ख पेटले, इंजिन मात्र गप्प.

"बघा!" घड्याळजी म्हणाले. "ओळखते की नाही नवशिक्यांना?"

"गाडी नाही ओळखत," भिंगबाई हलकेच म्हणाल्या. "काकू, तुम्ही सांगता की मी सांगू?"

काकूंनी सुया आवरल्या. "तुम्हीच सांगा. सोळा वर्षांची सवय आहे मला गप्प बसायची."

*

सगळे आत येऊन बसले. निरोप गेल्यावर मेकॅनिकही आला आणि उंबऱ्याजवळच टेकला.

"दिवे लागतात, स्टार्टर फिरतो आणि इंजिन तेवढं पेटत नाही," भिंगबाईंनी सुरुवात केली. "थोड्या वेळाने तेच इंजिन झटक्यात चालू. म्हणजे बिघाड नाही, कोणीतरी हुकमावर ठिणगी तोडतंय. नर्सशेजारी मेकॅनिक होता तेव्हा गाडी चालली. काकू होत्या तेव्हा नाही."

"पण दलालाच्या वेळीही काकू होत्याच की," मास्तरांनी अडवलं.

"म्हणूनच ही चोरी नाही, दादा. दलाल गाडी तोडणार होता, चालवणार नव्हता. मी फक्त तपासायला बसले होते. काकूंनी अडवलं ते फक्त त्या दोघींना, ज्या नुकत्याच शिकल्या होत्या आणि ही गाडी घेऊन खरोखर रस्त्यावर जाणार होत्या. कप्प्यात, आतल्या बाजूला, एक छोटा खटका आहे. लोकरीचा गुंडा ठेवताना बोट तिथे पोचतं."

"पण का?" नर्सने विचारलं.

"कारण ती गाडी तुझा जीव घेईल. पुढचा सांगाडा तुटून जोडलाय आणि जोड आतून गंजलाय. जोराची धडक बसली तर पुढचा भाग थेट पायांवर येईल. धडक सोळा वर्षांपूर्वीची, दिव्याची काच तेव्हाच बदलली. सीट पुढे ओढून कोणीतरी बुटकं माणूस चालवत होतं. आणि दुसरा गिअर आपल्याकडे ओढावा लागतो हे शेजारी बसून कळत नाही. ते हाताला कळतं. त्या अकरा दिवसांत काकू एकसष्ट किलोमीटर गाडी चालवायला शिकल्या."

मेकॅनिकने मान खाली घातली. "मीच शिकवत होतो. बाहेरच्या फाटकाच्या खांबावर गेली. काकूंनी शपथ घातली, ह्यांना कळू देऊ नका. मी रातोरात जोडून दिली. म्हटलं होतं, हळू चालवणाऱ्याला काही होणार नाही."

"आणि हे कायम हळूच चालवायचे," काकू म्हणाल्या. "पण ही पोरगी पेशंटकडे धावत सुटणार. तिला खरं सांगायचं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हटलं, दोनदा बंद पडली की कंटाळून दुसरी बघेल."

घड्याळजी ताठ बसले होते. मास्तरांना त्यांची दया आली. बिचाऱ्याला आजच कळलं, असं ते म्हणणार, तेवढ्यात भिंगबाई बोलल्या.

"खटका मात्र काकूंनी बसवलेला नाही. एवढ्या बारीक तारा इतक्या सुबक जोडायला घड्याळं दुरुस्त करणारेच हात लागतात. लाल रेघाही तुमच्याच आहेत. दवाखान्यातून आल्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं."

झाकली मूठ उघडली होती, आणि ती दोघांचीही होती.

"आकडा पाहिला, नवी काच पाहिली," घड्याळजी अखेर म्हणाले. "सांगाडा तुटलाय हे नाही कळलं, देवाशपथ. वाटलं, मी मरणाच्या दारात आणि ही हौसेने फिरत होती. राग आला. आणि भीतीही, तुला काही झालं असतं तर? तू पुन्हा चालवू नयेस म्हणून खटका बसवला आणि गप्प राहिलो. लोकांना सांगत सुटलो, एक ओरखडा नाही म्हणून."

"त्यानंतर मी तीनदा किल्ली फिरवून बघितली," काकू म्हणाल्या. "चार वर्षांनी कप्पा पुसताना खटका हाताला लागला. तोवर मला वाटायचं, गाडीलाच मी नको आहे."

"विचारायला हवं होतं मी," घड्याळजी त्यांच्याकडे वळले. "कुठे जात होतीस गं तेव्हा?"

"कुठे जाणार? तुम्हाला घरी आणायला शिकत होते. दवाखान्याच्या दारात स्वतः गाडी घेऊन उभी राहणार होते. दोनच दिवस कमी पडले."

घड्याळजींनी चष्मा काढला. त्यांना तसंही दिसत नव्हतं, पण डोळे पुसायला तो काढावाच लागला. मास्तर उगाचच उठून खिडकीशी गेले. 'तुला कशाला' हे शब्द आपण किती सहज उच्चारले होते, हे त्यांना त्या खिडकीशी लख्ख आठवलं.

"आणि माझं काय?" नर्सने अगदी बारीक आवाजात विचारलं. "सोमवार आला."

"तुझी गाडी दलालाच्या आवारात आहे," भिंगबाई म्हणाल्या. "राखाडी, दोन पोच्यांची. नवशिक्याने आरशासारखी गाडी घेऊ नये. जिने आपला प्रत्येक मार कागदावर सांगून ठेवलाय, ती घ्यावी."

*

रविवारी सकाळी राखाडी गाडी मोकळ्या मैदानात उभी होती. निळी गाडी दलालाकडे सुट्या भागांसाठी गेली होती. खटका तेवढा घड्याळजींनी स्वतः चाचपडत काढून काकूंच्या हातात दिला होता.

काकू सवयीने शेजारच्या दाराकडे वळल्या.

"तिथे मी बसणार," नर्स म्हणाली. "तुम्ही तिकडून या."

काकूंनी पाठीशी उशी घेतली, सीट पुढे ओढली. घड्याळजी आणि मास्तर मागे बसले. भिंगबाई बाहेरच थांबल्या. एवढ्या वर्षांनी शिकणाऱ्याच्या गाडीत बसायला आपला विमा पुरणार नाही, म्हणाल्या.

गाडी एक आचका देऊन निघाली. मग दुसरा आचका, मग सरळ. काकूंच्या ओठांवरून जीभ फिरत होती आणि मागच्या आरशात त्यांचे डोळे शाळकरी मुलीचे दिसत होते. मास्तरांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. ती भीतीने नव्हे, हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

मैदानाला फेरे मारून गाडी थांबली. घड्याळजींनी मांडीवरची जाड वही उघडली आणि पेन मास्तरांच्या हातात दिलं. "तुम्ही लिहा, मला ओळ दिसत नाही. किती झाले?"

नर्सने वाकून मीटर पाहिलं. "बरोबर एक किलोमीटर, काका."

"एक नाही," घड्याळजी म्हणाले. "बासष्ट लिहा."