मिसूरीची सतरा चित्रं

"सोळा चित्रं गेली, डेल्फिया! सोळा!"

चार वर्षांनी डेन्व्हरहून आलेल्या धाकट्या भावाने, हार्लनने, पुस्तक जेवणाच्या टेबलावर उघडंच टाकलं. शिवणीपाशी कापलेल्या पानांच्या पट्ट्या तेवढ्या उरल्या होत्या.

दीडशे वर्षांपूर्वी मिसूरी नदीतून वर गेलेल्या एका प्रवाशाचं ते पुस्तक. हाताने रंगवलेले रानगव्यांचे कळप, मातीची घुमटाकार घरं, बर्फात अडकलेल्या नावा... बाबांनी ते पोटच्या पोरासारखं जपलं होतं. अशी चित्रं सुटी करून विकणाऱ्यांना ते खाटीक म्हणत.

"बाबांना काही आठवत नाही, म्हणून हात साफ केलास? आणि मी सगळ्यांना सांगत होतो, माझी बहीण देवमाणूस आहे!"

शाळेतली नोकरी सोडून बाबांना न्हाऊमाखू घालण्यात, भरवण्यात गेलेली बारा वर्षं तिच्या ओठांशी आली. एका वाक्यात ती सुटली असती... पण त्या वाक्यानंतर हार्लनच्या मनातले बाबा उरले नसते.

"हो, विकली मी," ती म्हणाली.

"मग आजपासून मला बहीण नाही!"

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले बाबा उठले. त्यांनी खिशातून चाकू काढला, पुस्तक पुढे ओढलं आणि सराईत हाताने उरलेलं सतरावं चित्र अलगद कापून घेतलं.

"आज रविवार. तुमची आई वाट बघत असेल," ते म्हणाले. "जन्मभर म्हणाली, एकदा मला नदीने वरपर्यंत घेऊन चला... मी नुसतं हे पुस्तक घेऊन आलो. आता थोडी थोडी नदी नेऊन देतो तिला."

हार्लन भिंतीला टेकला.

"आईच्या थडग्यावर ठेवतात, वर दगड," डेल्फिया हळूच म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी आणायला जाते, तोवर दवाने रंग गेलेला असतो. चाकू लपवला की लहान मुलासारखे रडतात रे."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? खाटीक कुणाला म्हणू?"

त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तिने हात सोडवून घेतले, बाबांचा कोट आणून त्यांना चढवला आणि बटणं लावायला लागली.

बाबांनी हार्लनला जवळ ओढलं.

"आलास ते बरं झालं. पुस्तक घेऊन जा तुझ्याकडे. ही पोरगी चित्रं कापते रे... मी डोळ्यांनी पाहिलंय."

"बाबा, ती नाही—"

"हो, बाबा," डेल्फिया म्हणाली, आणि तिने गळ्याजवळचं बटण लावलं.